चौकटीखालचा हत्ती

हसायचं असेल तर हातातला चहा आधी खाली ठेवा, मग सांगतो. आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या कंपूत बसलं की जो तो आपल्या पहिल्या प्राचीन नाण्याबद्दल असा बोलतो, जसं काही पहिलं प्रेमच! कुणाला ते जुन्या बाजारात सापडलं, कुणाला मामानं दिलं. माझी पाळी आली की मी पाणी प्यायला उठतो. का म्हणाल? अहो, त्या नाण्यापायी मी आमच्या नव्या घराची धडधाकट चौकट उपटून काढायला लावली.

मी संपत. राहायला वडगाव निंबाळकरला, नोकरी बारामती एमआयडीसीत, दूध पावडरच्या कारखान्यात. नाण्यांचा नाद तसा जुना, पण सगळा संग्रह पाच पैसे, दहा पैसे असला. मग कळलं की निरवांगीच्या एका निवृत्त मास्तरांकडं खरी जुनी नाणी आहेत. सुट्टीच्या दिवशी गाडीला किक मारली आणि थेट त्यांच्या ओट्यावर.

मास्तरांनी कापसात गुंडाळलेलं तांब्याचं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. सातवाहन राजांच्या काळातलं. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, निम्मा झिजलेला, पण हत्तीच! आपल्या पणजोबांचे पणजोबा जन्माला यायच्या कितीतरी आधी कुणीतरी हे देऊन बाजारात काहीतरी घेतलं असणार.

"घासायचं न्हाय, धुवायचं न्हाय," मास्तर म्हणाले. "आन् हारवायचं तर अजाबात न्हाय. असं परत मिळायचं न्हाय."

मी पैसे मोजले आणि देवाची शपथ घेतली. हे माझं चुकलंच, देवाला यात ओढायला नको होतं.

घरी अडचण अशी, की आमच्या आबांनी मळ्यात नवीन घर काढलं होतं आणि सगळ्यांना ताकीद दिली होती, "घर हुईस्तवर कुणी कसलं खूळ काढायचं न्हाय." म्हणजे हत्ती लपवणं आलं. बायकोला, सुरेखाला, तेवढं सांगितलं. कपाटात पोरं हात घालतात, गादीखाली आई झाडू घालते. मग मला सुचलं, देवघर! तिथं एक रिकामा कुंकवाचा करंडा होता. देवाच्या शेजारचा करंडा कोण कशाला उघडेल? मी स्वतःच्याच हुशारीवर खूश झालो.

त्याच आठवड्यात चौकट बसवायचा मुहूर्त होता. मला रजा मिळाली नाही. संध्याकाळी घरी आलो तर मळ्यात चौकट उभी, आंब्याची पानं, हळदीकुंकू, नारळ फुटलेला. आबा समोर बाजेवर बसून तिच्याकडं असे बघत होते, की मला त्यांचा हेवा वाटला. हयातभर ऊस लावून माणसानं स्वतःचं पक्कं दार उभं केलं होतं.

"समदं रीतसर झालं का आबा?" मी सहज विचारलं.

"व्हय. उंबऱ्याखाली नाणंबी घातलं."

"कुठलं?"

"देवातलं."

मी गाडी तशीच वळवली, घरी जाऊन करंडा उघडला. रिकामा! तुम्हीच सांगा, याचा दुसरा काय अर्थ काढायचा? दोन हजार वर्षं टिकलेला हत्ती सिमेंटमध्ये गाडला गेला होता, आणि वर आमचा उंबरा.

सुरेखा म्हणाली, "सरळ आबास्नी सांगा की."

"काय सांगू? खूळ घेतलं, ते लपवलं, आणि आता तुमची चौकट काढा?"

"मग ऱ्हाऊ द्या खाली. हत्ती कुठं पळून चाललाय?"

बायकांना संग्राहकाचं दुःख कळत नाही. ती रात्र मी कशीबशी काढली. बसवलेली चौकट हलवू नये असं आमच्याकडं मानतात, आई तर नुसत्या विचारानंच हाय खाईल. एकच वाट दिसत होती. चौकटच चुकलेली निघाली तर?

सकाळी मळ्यात गेलो, चौकटीसमोर उभा राहिलो, मान जराशी तिरकी केली आणि म्हणालो, "आबा, ही डावीकडं कलल्यासारखी वाटत नाही का?"

चौकट बसवणारे गुलाबमिस्त्री वाळू चाळत होते. त्यांचा हात थांबला. पंचक्रोशीतली निम्मी दारं ह्या माणसानं उभी केलेली. त्यांनी दोरीला वजन बांधलेला ओळंबा आणला आणि चौकटीला लावला. दोरी लाकडाला लागून सरळ खाली. एक केस जायला जागा नाही.

"बघा संपतराव."

आता गप्प बसावं की नाही मी? पण डोळ्यासमोर हत्ती! मी म्हणालो, "ओळंब्यात असेल हो, पण नजरेला कललेली दिसते. जन्मभर नजरेनंच बघायची आहे ना?"

आबांनी मान तिरकी केली. आईनं केली. डेअरीला दूध घालून परतणारे शेजारचे तात्या किटली घेऊन थांबले, त्यांनीही केली. मानच तिरकी केल्यावर चौकट सरळ कशी दिसणार?

"जराशी हाय," तात्या म्हणाले.

"डावीकडं न्हाय, उजवीकडं हाय," आई म्हणाली.

झालं! वाटेनं जाणारा प्रत्येक जण थांबायला लागला. डावीकडची पार्टी, उजवीकडची पार्टी. एकानं तर चौकट सरळ आहे पण सगळं घरच फिरलंय असं सांगितलं. दुपारपर्यंत आबांचा चेहरा उतरला. काल त्या दाराकडं बघून फुललेला माणूस आज त्याच्याकडं पाठ करून बसला. ते बघून मला स्वतःची लाज वाटली. बोलायला तोंड उघडलंही, तेवढ्यात गुलाबमिस्त्री उठले.

"काढतो म्या चौकट. मजुरी नगं. पर गुलाबनं वाकडं दार बसवलं आसं कुणी म्हनायला नगं."

आणि त्यांनी पहार उचलली. माझ्या मनात काय चाललं होतं विचारू नका. निम्मा जीव मिस्त्रींसाठी तुटत होता आणि निम्मा उंबऱ्याखाली अडकला होता. खरं सांगायचं तर उंबऱ्याखालचा निम्मा जरा मोठा होता.

आईनं दिवा लावून देवाची क्षमा मागितली. चौकट हलली, निघाली, माणसांनी ती उचलून बाजूला ठेवली. सगळ्यांच्या आधी मी खड्ड्यात गुडघे टेकले. अजून कच्चं असलेलं सिमेंट बोटांनी उकरलं. नाणं लागलं! शर्टाला पुसलं. पिवळ्या कडेचं, चकचकीत, दहा रुपयांचं.

"हे नव्हे!" मी ओरडलो.

आबा हळूच म्हणाले, "हे न्हवं म्हंजी? तुला कुठलं पायजे हुतं?"

मग काय करता? खड्ड्यातच बसून सगळं सांगितलं. निरवांगी, मास्तर, हत्ती, करंडा. मिस्त्रींची पहारीवरची मूठ घट्ट होत चालली होती, ते मला दिसत होतं.

"त्ये करंड्यातलं?" आबा म्हणाले. "चपटं, झिजल्यालं?"

"हो."

"आरं, त्याच्यावर ना साल ना छाप. आसलं नाणं कुणी उंबऱ्याखाली घालतं व्हय? घरात लक्षुमी यावी तर चांगली तोंडावळ्याची यावी. म्हनून म्या देवापुढचं धाचं नवं घातलं."

"आणि ते कुठंय?"

आबांनी कमरेची पान-तंबाखूची चंची सोडली आणि चुन्याची डबी काढली. खिशातून काहीतरी काढून डबीच्या फटीत घातलं, टक्कन झाकण उघडलं. आणि ते काहीतरी माझ्या हातात दिलं.

"झाकान लई घट्ट बसतं ह्याचं. ह्ये बरं पडतंय."

माझा हत्ती! चुन्यानं असा पांढरा झालेला, की सातवाहनांनी सोडला तेव्हा साधा हत्ती होता, आमच्या आबांनी त्याचा ऐरावत केला. काल संध्याकाळपासून आबांनी माझ्यासमोर निदान चारदा पान लावलं असेल. आणि मी म्हणे नाण्यांचा पारखी!

पण खरं सांगू? त्या क्षणी मला कसलीच लाज उरली नव्हती. वाळूच्या ढिगावर बसलो आणि हसत सुटलो. छातीवरचा धोंडा उतरला होता. मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, "नुसत्या पान्यात ठेव, घासू नगंस." तसं केलं आणि सोंड परत दिसायला लागली.

आबा रागावतील असं वाटलं होतं. ते नाणं उलटसुलट करून बघत राहिले. "दोन हजार वर्सांचं," ते म्हणाले, "तवाच झाकनाला वाकलं न्हाय." त्यांना सगळ्यात आनंद झाला तो दार सरळच होतं याचा. त्यांनी चौकटीवरून हात फिरवला आणि चहा सांगितला. तात्या मात्र अजूनही म्हणतात, जराशी हाय.

मिस्त्रींची मी हात जोडून माफी मागितली. त्यांनी चौकट पुन्हा बसवली, ओळंबा लावला, आणि मला समोर उभं करून तीनदा बघायला लावली. मी तीनदा म्हणालो, एकदम सरळ आहे.

पण माणूस विसरलेला नाही. हल्ली वडगावात कुणाच्याही घरी चौकट बसायची असली की मला मानानं बोलावणं येतं. मीही इस्त्रीचे कपडे घालून जातो. हळदीकुंकू होतं, नारळ तयार असतो, चार माणसं चौकट धरून उभी असतात. आणि गुलाबमिस्त्री सगळ्यांदेखत हात वर करून सांगतात, "थांबा जरा. आदी संपतरावांचं खिसं तपासा. त्यांचं काय खाली ऱ्हायलं, की आपली चौकट वाकडी हुतीया."