सहावर कण्हायचा तो ट्रॅक्टर

"न्हाई म्हंजी न्हाई, अल्मा. दुसरं कायबी सांग."

"दुसरं काय सांगू? तुज्याकडं केस कापून घ्यायला आलीया व्हय मी? सहाचं बारा कर म्हणतीया. जल्मभर त्येच केलंस न्हवं?"

"सोडलं त्ये. नऊ वर्सं झाली."

"ठाव हाय मला. कवा सोडलंस त्येबी ठाव हाय."

यावर लुमिरकाका शेगडीत लाकूड सारायला लागला. शेगडी आधीच गच्च भरलेली होती. मी धान्याच्या कोठीवरनं त्याच्या कोंबड्यांचं खाद्य घेऊन आलो होतो. पोतं खांद्यावर तसंच राहिलं. दारात ट्रेलर उभा होता आणि ट्रेलरवर तो लाल ट्रॅक्टर. डूसेकांचा, म्हणजे अल्माच्या घरचा. आमच्या नेब्रास्कातल्या सगळ्या चेक वस्तीला तो ओळखू यायचा आणि सगळी वस्ती त्याच्याकडं बघायचं टाळायची.

लुमिर कोवार हा जुन्या ट्रॅक्टरांच्या तारा जोडणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले ते ट्रॅक्टर सगळे सहा व्होल्टचे. थंडी पडली की बॅटरी जीव सोडायची आणि भले भले बाप्ये पुढचं हँडल मारून मारून मनगटं सुजवून घ्यायचे. लुमिरकाका त्यांना बारावर आणायचा. मोठी बॅटरी घालायची, तीही उलटी जोडायची, कारण जुन्या गाड्यांत धन टोक सांगाड्याला असायचं. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर, कॉइल नवी, दिवे नवे. स्टार्टर मात्र तोच ठेवायचा. सहाचा स्टार्टर बारावर चालतो. नुसता चालत नाही, उधळतो.

अल्माचा नवरा विन्स. त्याच्या ट्रॅक्टरचा ब्रेक उताराला धरत नव्हता, म्हणून तो गिअरमध्येच टाकून उभा करायचा. आमच्याकडं सगळेच तसं करायचे. आणि सकाळी चालू करायला सीटवर कोण चढतोय? खालीच, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे उभं राहायचं आणि आत हात घालून स्टार्टरचा दांडा ओढायचा. गिअर काढायचा राहिला असला तर सहाचा ट्रॅक्टर नुसता कण्हायचा, वीतभर सरकायचा आणि बसायचा. माणूस एक शिवी हासडायचा, गिअर काढायचा, परत ओढायचा. त्या कण्हण्याच्या भरवशावर लोक तीस-तीस वर्षं चाकापुढं उभे राहिले.

लुमिरकाकानं बारा करून दिल्यावर चौदाव्या दिवशी विन्स गिअर काढायला विसरला. ट्रॅक्टर कण्हला नाही.

मका तुडवत तो ओढ्याच्या कुंपणापर्यंत गेला आणि तिथं तारांत अडकून, तेल संपेपर्यंत चाक फिरवत राहिला.

विन्सला पुरलं आणि लोक चर्चच्या हॉलमध्ये जेवायला बसले तेव्हा लुमिरकाका पंगतीत नव्हता. काळा सूट तसाच अंगावर, डूसेकांच्या शेडमध्ये बसून तो तारा सोडत होता. दिवस मावळेपर्यंत त्यानं ट्रॅक्टर परत सहावर आणून ठेवला. अल्मानं खिडकीतनं बघितलं आणि पडदा ओढला. त्यानंतर त्यानं एकही ट्रॅक्टर बारावर नेला नाही. पंपांचे स्टार्टर, डायनॅमो, असलंच काहीबाही. पण रविवारी चर्चच्या आवारात लोकांच्या गाड्यांच्या काचेला नाक लावून गिअरचा दांडा कुठं आहे ते बघत हिंडायचा. कुणी हसायचं नाही.

"अल्मा," तो शेगडीकडं तोंड करूनच म्हणाला, "सहा बरं हाय. चुकलं तर बोंबलून सांगतंय त्ये. म्या त्येची बोंबच काडून घेतली हुती."

अल्मानं हातमोजा काढला आणि उजवं मनगट त्याच्या नाकापुढं धरलं. वांग्यासारखं जांभळं झालं होतं.

"ह्यो बग तुजा सहा. परवा हँडल उलटं बसलं. अडुसष्ट वर्साची हाय मी. सव्वीस गाया हायत, बर्फात उभ्या, आन् चाऱ्याचा गाडा वडायला ह्यो एकच हाय. पुडल्या खेपंला हाताऐवजी डोस्क्यात बसंल. मग तिसऱ्यांदी कुटल्या व्होल्टवर आणशील?"

लुमिरकाका बसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी परत्येक ट्रॅक्टरला तारंनं पुठ्ठं बांदायचो. दांड्यालाच. 'आता बारा हाय, आदी गिअर काड.' विन्सच्याला बांदलं का न्हाई, मला आटवत न्हाई. नऊ वर्सं आटवतूया. हात दिसत्यात, तार दिसती, पुठ्ठं दिसत न्हाई."

"बांदलं हुतंस. म्या काडलं."

त्यानं मान वर केली.

"खुराड्याच्या दाराला तार पायजे हुती. पुठ्ठं चुलीत घातलं. तार अजून दाराला हाय."

"खरं सांग, अल्मा."

"खऱ्याचं काय लोणचं घालायचंय? गाया उपाशी हायत."

पुढच्या आठवड्यात मी डूसेकांकडं खाद्य टाकायला गेलो तेव्हा खुराड्याचं दार बघितलं. तार होती. पण तसली तार इकडं प्रत्येक खुराड्याला असते. लुमिरकाकाला मी काही सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

त्या दिवशी तो उठला, फळीवरनं कॉफीचा एक गंजका डबा काढला आणि बाकावर उपडा केला. आतनं एक दाबायचं बटण निघालं, एक पितळी खटका, मापून वाकवलेली पट्टी, सगळं तेलकट फडक्यात गुंडाळलेलं.

"हे कवा केलंस?" अल्मानं विचारलं.

"त्याच हिवाळ्यात."

"आन् नऊ वर्सं डब्यात?"

"कुणाला लावू?"

तीन दिवस काम चाललं; तेवढे दिवस अल्माच्या गायांना शेजाऱ्यांनी चारा टाकला. ट्रॅक्टर उतरवायला मीच हात लावला होता. सीटखालची अवजारांची पेटी उघडली तर आत विन्सचा एक हातमोजा. वाळून कडक झालेला, बोटं अर्धवट मिटलेली, दांडा धरल्यासारखी. लुमिरकाकाचा हात तिथंच थांबला.

"राहू दे तितंच," अल्मा म्हणाली. त्यानं पेटी मिटली.

स्टार्टरचा जुना दांडा त्यानं मुळापासून कापून टाकला. बटण वर, सीटपाशी. खटका क्लचच्या पायाखाली. क्लच पूर्ण दाबला तरच बटणाला वीज मिळणार, आणि क्लच दाबायला सीटवर बसावंच लागणार. खाली उभं राहून चालू करायची सोयच ठेवली नाही. तरी काम करताना तो एकदाही चाकापुढनं गेला नाही. पलीकडचा पाना हवा असला तर अख्ख्या ट्रॅक्टरला मागनं वळसा.

चौथ्या दिवशी दुपारी अल्माला त्यानं सीटवर बसवलं.

"गिअर टाक. पयला."

"काड म्हणतूस का टाक?"

"टाक म्हणतूया. क्लचवरचा पाय काड."

मग तो चालत आला आणि पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे उभा राहिला. विन्स उभा राहायचा तिथं. मोठ्या चाकाकडं पाठ.

"दाब बटण."

"तुज्या डोस्क्यावर परिणाम झालाय. बाजूला हो."

"दाब, अल्मा."

"न्हाई दाबणार. एक पुरलाय म्या."

"तू दाबलं न्हाईस तर ह्यो ट्रॅक्टर हितनं हलणार न्हाई. आन् मीबी."

अल्मानं डोळे मिटले. ओठ हलत होते. प्रार्थना होती की शिव्या, देव जाणे. तिनं बटण दाबलं.

काही झालं नाही. कण्हणं नाही, धक्का नाही. शेडच्या पत्र्यावरनं वितळलेलं बर्फ ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"परत."

परत काही नाही. तिसऱ्यांदा काही नाही. लुमिरकाकानं हात मागं नेऊन चाकाच्या रबरावर ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा, आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग बाजूला झाला.

"आता गिअर काड, क्लच दाब, मग बटण."

बारावर तो लाल ट्रॅक्टर एका फटक्यात सुरू झाला. त्या आवाजाला आम्ही तिघंही दचकलो.

त्यानं खिशातनं पुठ्ठा काढला. मजकूर तोच. तारेनं स्टिअरिंगला बांधला, दोन पिळे, चार पिळे, पक्कडीनं टोक आत वळवलं.

"ह्ये काडू नगंस."

"खुराड्याला हाय तार," अल्मा म्हणाली. ट्रेलर इथंच राहू दे म्हणाली आणि ट्रॅक्टर स्वतःच चालवत रस्त्याला लागली. लुमिरकाका वळणापर्यंत बघत होता. तिच्याकडं नाही, तिच्या गुडघ्यापाशी गिअरच्या दांड्याकडं.

मग तो आत आला. बाकावर कुणाच्या तरी पंपाचा स्टार्टर उघडून पडला होता. त्यानं चष्मा लावला, ब्रशची स्प्रिंग चिमट्यात धरली आणि मला म्हणाला, "उजेडातनं सरक. आन् त्ये पोतं चार दिस झाले दारातच पडलंय, आत ठिव."