टेकडी सोडून सगळी पृथ्वी

सगळं शहर तिला मीटरबाई म्हणायचं. स्वतःचं नाव तिला फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. बावीस वर्षं दारोदार वाकून तिने पाण्याच्या मीटरची झाकणं उघडली. कुठे नळ धो धो वाहतो आणि कुठे नुसता वारा सोडतो, हे तिच्या पायांना पाठ होतं.

टेकडीवर मात्र तिला काम नव्हतं. नळच नाही, तर मीटर कुठला? एक्केचाळीस घरं, आणि त्यातल्या एका घरात तिची थोरली बहीण. गुडघे गेले तरी रोज पाण्यासाठी दोन डबे घेऊन पायथ्याशी उतरायची. नवी पाइपलाइन कुठून न्यायची, ते आज बारा वाजता पाणीखात्याचे मोठे साहेब नकाशा बघून ठरवणार होते. आणि ऑफिसच्या नकाशात टेकडीवर नुसतं रान!

हा नकाशा कागदाचा नव्हे, संगणकावरचा. ऑफिसातली एक पोरगी तो करायची. खाली शहर, वर एकेका वस्तीचा आकार, काचेवर काच ठेवावी तसा. पाणी जितकं कमी तितका रंग गडद. आकारावर बाण नेला की घरं किती, नळ किती, ते दिसायचं.

पोरीनेच सांगितलं होतं, "मावशी, हा फोन हातात धरून टेकडीला पुरता वळसा घाला. वाटेतली ठिकाणं तो टिपत जाईल." काल मीटरबाईने वळसा घातला. काट्यांनी पाय ओरबाडले, एका दगडावर बसून तिने दम खाल्ला, पण जिथून निघाली तिथेच येऊन टेकली.

आज सकाळी पोरीने तो आकार नकाशावर चढवला, आणि पडदा काळानिळा झाला. समुद्र, डोंगर, परके देश, सगळं रंगलं. मधोमध तेवढं एक भोक पांढरं राहिलं, टेकडीएवढं.

"मावशी, हे काय करून ठेवलंत?"

"मी? मी तर नुसती चालले!"

"टेकडी सोडून सगळी पृथ्वी वस्तीत घेतलीत!"

"मग साहेबांना सांग, सगळ्यांनाच नळ द्या म्हणावं."

पोरीला हसू फुटेना. ठिकाणं तिने पुन्हा पुन्हा तपासली, एकही चुकलेलं नव्हतं. साडेअकरा वाजले. मीटरबाईने घड्याळाकडे पाहिलं. बहीण आणखी किती वर्षं डबे वाहणार?

बराच वेळ त्या भोकाकडे बघून तिने विचारलं, "आत कुठलं नि बाहेर कुठलं, हे याला कळतं तरी कसं गं?"

पोरगी थबकली. "ही लायब्ररी धरते की चालताना उजव्या हाताला राहील ते आत."

"लायब्ररी? पुस्तकांची?"

"नाही हो, नकाशे-तक्ते काढायचं तयार सामान. तुम्ही फिरलात कुठून?"

"गॅरेजवाल्याचं कुत्रं डाव्या वाटेवर पसरलं होतं. म्हणून उजवी धरली. टेकडी सगळा वेळ डाव्या हाताला."

आता मात्र पोरगी खो खो हसली. ठिकाणांची यादी तिने उलटी केली, शेवटचं पहिलं आणि पहिलं शेवटचं. एक बटण दाबलं. समुद्र निवळले, देश मोकळे झाले, आणि टेकडीवर तेवढा एक गडद ठिपका उरला.

मीटरबाई खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली. पोरीने ठिपका मोठा केला. हा ओढ्याकडे घेतलेला वळसा, हा दम खाल्ला तो दगड, इथे वाट सोडून खाली उतरावं लागलं. एकेक वळण तिचं होतं. तीच वाट, तेच पाय. नुसती दिशा फिरली, तर बाहेरचं आत आलं. पृथ्वीएवढी गोष्ट अशी हलते? तिच्या अंगावर काटा आला.

बारा वाजता साहेबांनी आकारावर बाण नेला. घरं एक्केचाळीस, नळ शून्य.

ते म्हणाले, "ही हद्द कोणी घेतली?"

"मी. चालून घेतली."

साहेबांनी पाइपलाइनची लाल रेघ ओढत ओढत टेकडीच्या माथ्यापर्यंत नेली आणि सोमवारी खणायला घ्या म्हणाले.

बाहेर येऊन मीटरबाईने बहिणीला फोन लावला. "ताई, कुंपणाशी रचलेली लाकडं हलव. खणायला येणारेत."

"थट्टा करतेस होय गं?"

"नाही. सोमवारी येतात."

मग ताई म्हणाली, "ठेव फोन. आत्ताच हलवते."