धूर दिसला की बरं हाय

सुंदराबाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही, असं कर्जतजवळच्या दहिवलीत सांगतात. सांगोत बापडे. पुढं वीस वर्षं ती आजाऱ्याच्या घरात न विचारता शिरायची हे खरं. पण पहिल्या साली तिला ज्यांनी पाहिलं, त्यांना विचारा. इतकी भित्री बाई पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

ते साल एकोणीसशे अठराचं. दसरा नुकताच झाला होता आणि मानमोडीचा ताप घरोघरी हिंडत होता. सकाळी अंग मोडून यायचं, मान ताठायची, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी चांगलं धडधाकट माणूस तिरडीवर चढायचं. शेतात जे काही भात आलं होतं, ते कापायला हात उरले नव्हते.

सुंदरा तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची. नवरा वारलेला, पदरी चार वर्षांची चिंधी. कर्जतला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ती आया होती. पट्ट्या धुवायच्या, बाटल्या उकळायच्या, रोग्याचं अंग पुसायचं. हे करता करता आजाऱ्याची शुश्रूषा तिच्या हाताला वळली होती. डॉक्टर स्वतःच तापानं आडवे झाले. पडल्या पडल्या त्यांनी तिला सांगितलं, "घाटाखाली ठाकरांची वाडी आहे. अकरा झोपड्या. तिथं जायला कोणी तयार नाही. तू जा. पेज पाज, पाणी पाज, कुशीवर वळवत जा, तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दे."

सुंदराला जायचं नव्हतं. पण डॉक्टरांना नाही म्हणायची छाती तिला कुठली? तापाची भीती लांबची होती, डॉक्टरांची समोर होती. ती गेली.

रोज पहाटे तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती रेल्वेच्या रुळाकडेनं निघायची. संध्याकाळी परतताना उल्हास नदीच्या पाण्यात लुगड्यासकट बुड्या मारायची आणि घरी आली की ओटीच्या टोकाला बसून राहायची. शेजारच्या इंदूबाई चिंधीला आत धरून ठेवायच्या. पोर "आये, घे ना गं" म्हणून टाहो फोडायची आणि सुंदरा तोंडात पदर कोंबून बसायची. आपण काय घरी घेऊन आलो असू, हे तिला ठाऊक नव्हतं. रोज झोपलेल्या पोरीच्या कपाळाला ती हात लावायला जायची आणि भिऊन मागं घ्यायची.

म्हणून तिनं एक युक्ती काढली. वाडीच्या अलीकडं एक टेकाड होतं. तिथून अकराही छपरं दिसत. तिनं वाडीला हाळी देऊन सांगितलं, "ज्याच्या घरी धडधाकट माणूस असंल त्यानं सकाळी चूल पेटवायची. धूर दिसला की बरं हाय असं मी समजंन. धूर नसंल त्या घरात मी येईन." ज्यांच्या घरी बरं होतं ते टेकाडाशी येऊन तांदूळ नेत. एकट्या बाईला अकरा घरं कशी पुरणार, म्हणून ही सोय, असं ती स्वतःला समजवायची. खरं सांगायचं तर जितकी घरं कमी तितकं मरण लांब, एवढाच तिचा हिशोब होता. मी तिला दोष देत नाही. तुम्ही-आम्ही असतो तर टेकाडापर्यंत तरी पोचलो असतो का?

शेवटच्या झोपडीतून रोज धूर यायचा. तिथं ठमी म्हातारी आणि तिची सून भागी राहत. मुलगा धाऊ खालापूरकडं कोळशाच्या भट्टीवर गेलेला, त्याचा पत्ता नव्हता. भागीला सातवा महिना होता. सुंदरा टेकाडावरून ओरडायची, "ठमाये, भागी कशी हाय?" म्हातारी दारातूनच हात हलवायची, "बरी हाय, बरी हाय. तू जा." सुंदराला हायसं वाटायचं. पोटुशीला ह्या तापानं गाठलं तर सोडत नाही, हे तिनं दवाखान्यात दोनदा पाहिलं होतं.

धुराची खूण ठरल्यापासून पाचव्या दिवशी ती तांदूळ वाटत होती. गाठोड्यात चार मुठी उरल्या. हे कुणाचे, म्हणून ती बघते तर ठमीचे. कालही उरले होते. परवाही, त्याआधीही. ठमी तांदूळ न्यायला आलीच नव्हती. मग त्या चुलीवर शिजतंय काय? सुंदरानं वर पाहिलं. धूर काळपट होता आणि चुलीच्या बाजूनं नव्हे, सगळ्या छपरातून झिरपत होता. ओल्या पाल्याचा वास येत होता. 

परत फिरावं, असं तिच्या मनात आलं. आलं म्हणजे काय, ती चार पावलं फिरलीसुद्धा. म्हातारी बरी हाय म्हणते ना? मग आपण कशाला? पण पाय घराकडं रेटेनात. ती टेकाड उतरली.

ठमी दारात आडवी उभी राहिली. हातात कोयता.

"आत पाऊल टाकशील तर तोडीन."

"आये, भागीला ताप हाय ना?"

"नाय. धूर दिसतोय ना तुला? धूर दिसला की बरं हाय, तूच बोललीस."

सुंदरा पाऊलभर पुढं सरकली. "मी पेज पाजीन नि जाईन गं."

"मागं पिलेगात बी अशीच एक बाई आलती," ठमी म्हणाली. "गोड बोलली. दुसऱ्या दिशी शिपाय आले, गाडा आला, माज्या घोवाला छावणीत घालाय नेला. मानूस चालत गाड्यात चढला. परत हाड बी आलं नाय. तू माजी भागी नेशील."

तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. ओला, घरघरणारा. तो खोकला सुंदराला माहीत होता. कोयता डोक्याशी होता आणि ती डोळे मिटून त्याच्याखालून आत शिरली. ठमीनं तो मारला नाही. मारायचं बळ तिच्यात नव्हतंच. ती पाच दिवस उपाशी होती.

आत काही दिसेना. चुलीत ओला पाला धुमसत होता. सुंदराला धूर दिसत राहावा म्हणून म्हातारीनं तो रोज दिवसभर घातला होता, आणि त्याच धुरात भागी पडली होती. ओठ जांभळे, छाती भात्यासारखी हलतेय. ज्या छातीला वारा हवा होता तिला पाच दिवस धूर मिळाला होता. आणि तो सुंदरानंच मागितला होता.

ती वेड्यासारखी कामाला लागली. चूल विझवली, कुडाच्या कारवीच्या काटक्या हातानं उपसून भिंतीला भगदाड पाडलं, भागीला तिथं सरकवून पाठीला टेका देऊन बसवलं. चमच्या-चमच्यानं पाणी घातलं. पहिल्यांदाच तिला तापाचं भान उरलं नाही. भीती वाटत होती ती फक्त हा श्वास थांबण्याची. त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही. सकाळी भागीनं डोळे उघडले, "पोर हलत नाय गं" म्हणाली आणि सुंदराचं मनगट घट्ट धरलं. सुंदरा म्हणाली, "निजलंय. हलंल." हे खोटं होतं. दुपारी, घाट चढणाऱ्या गाडीचं इंजिन धापा टाकत असताना, मनगटावरची बोटं सुटली.

ठमी रडली नाही. तिनं सुनेच्या अंगावरचं फडकं सारखं केलं आणि दाराकडं पाहिलं.

"आता गाडा येल काय?"

"नाय गं आये."

"शिपाय?"

"कोणी नाय येत. डाक्तर सोता पडलाय. कर्जतात न्यायला जागा नाय, गाडा नाय, मानूस नाय. मी एकलीच हाय."

म्हातारी विझलेल्या चुलीकडं वळली.

"मंग मी तिला कोनापासनं लपवली?"

 म्हातारीनं पुन्हा विचारलं, या खेपेला तिचा हात धरून, जणू सुंदराला ते माहीतच होतं आणि ती मुद्दाम सांगत नव्हती.