न उपटायचं तण

सातवीत शाळा सुटली तेव्हापासून माझ्या हातात खुरपं आहे. हिंगोलीकडं आमच्या रानात तण दिसलं आणि हात गेला नाही, असं कधी झालं नाही. तीच सवय पुण्यात नडली.

शहरात एका संस्थेची शेती आहे; भिंतीपलीकडं सतत हॉर्न, अलीकडं सोयाबीन. तिथं मला कामाला लावलं ते मामांनी. वारज्यात ते आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि या शेतीवर फवारणी करायचे. नात्याचे कोणी नव्हेत. पण एवढ्या मोठ्या गावात माझ्यासाठी शब्द टाकणारा तो एकच माणूस.

एक मॅडम तिथं प्रयोग करत होत्या. काही वाफ्यांत मामा तणनाशक मारायचे, काही आम्ही बाया खुरपायचो, आणि काहींत तण तसंच वाढू द्यायचं. त्या वाफ्यांना लाल खुंटी. मग मॅडम प्रत्येक वाफ्यातली माती नेऊन तिच्यातले जिवाणू मोजायच्या. एकदा त्यांनी मला काचेची बशी दाखवली होती. आत पांढरे ठिपके, ताकावर तरंगणाऱ्या लोण्याच्या कणांसारखे.

"एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंचं एकेक घर," त्या म्हणाल्या. "फवारल्यावर यातली किती घरं उठतात आणि कधी परत वसतात, ते बघायचंय." तणाच्या मुळांशीही जिवाणू असतात, म्हणून लाल खुंटीपलीकडं हात घालायचा नाही.

आणि मी घातला. माती काढायच्या दिवशीच. सकाळी खुरपताना डोक्यात आईचा ताप होता. रात्री फोनवर तिचा आवाज फार खोल गेलेला. भानावर आले तर मुठीत रानमाठ आणि केना, मुळासकट. लाल खुंटी माझ्या पाठीमागं.

कोणी बघत नव्हतं. तण परत रोवलं, माती दाबली, प्यायच्या बाटलीतलं पाणी घातलं. तण जगावं म्हणून देवाचं नाव घेतलं ते त्या दिवशीच.

अकराला मॅडम आल्या. केना तगला होता, तो कुठंही टाका, जगतो. रानमाठानं मात्र माना टाकल्या होत्या.

मॅडम वाकल्या. परवाच पलीकडच्या वाफ्यावर फवारणी झाली होती.

"मामा, इथं फवारा उडाला का हो?"

"न्हाय मॅडम. वारं पडल्याबिगर म्या पंप पाठीवर घेत न्हाय."

"मग माठाला चक्कर आली असेल." त्या सरळ झाल्या. "अहो, फवारा आला असेल तर हा वाफा बाद. दोन वर्षांचं काम गेलं. आणि पंप मला दुसऱ्या कोणाकडं द्यावा लागेल."

मामांनी टोपी काढून हातात घेतली. मी बोलले तर माझं काम जाणार. गप्प बसले तर, ज्यांनी मला आत आणलं तेच बाहेर जाणार.

"मॅडम, मी उपटलं," मी म्हणाले. "आणि परत लावलं."

"परत लावलं?"

"पाणी पण घातलं."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "वा. इथं आजवर तण काढायला माणसं ठेवली. लावणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

कोणी हसलं नाही. त्यांनी जागा दाखवायला लावली. हातभर जमीन होती. तिच्याभोवती सुतळी बांधली, माती वाफ्याच्या दुसऱ्या टोकाची घ्यायची ठरली, आणि झालं ते सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं.

"हे बघा ताई, पुढच्या वेळी हात गेला तर त्याच क्षणी सांगायचं. लपवलेलं मला कळत नाही, मग मी चुकीचंच खरं धरून बसते."

मला त्यातलं नीट ऐकू आलं ते एवढंच: पुढच्या वेळी.

मामांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. पंप धुवायला निघाले, तेव्हा माझ्याजवळून जाताना म्हणाले, "लाल खुंटी दिसली का हात मागं बांधायचं, पोरी."

अजूनही बांधते.