आधी आपलं दूध तपासा

टँकर गेटच्या आत उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि माझ्या हातातल्या पट्टीवर एकच रेघ. दोन हव्या होत्या. नवा नमुना घेतला, नवी पट्टी बुडवली. पुन्हा एकच. मी लॅबच्या दारातून हात आडवा हलवला आणि ड्रायव्हरनं कपाळावर हात मारून घेतला.

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका खाजगी दूध प्लँटची लॅब मी सांभाळते. दुधात अँटिबायोटिक उतरलंय का, ते ही पट्टी सांगते. गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली, की सडात औषधाची ट्यूब सोडतात. त्यानंतर काही दिवस त्या गाईचं दूध विकायचं नसतं. विकलं तर त्याचं दही लागत नाही, आणि पिणाऱ्या लेकराच्या पोटात औषध जातं ते वेगळंच. एका गाईचं असलं दूध अख्खा टँकर बाद करू शकतं. मग सगळं ओतून द्यायचं. इतकी वर्षं झाली, पण दूध ओतताना मी अजून तिकडं बघत नाही. जीव तुटतो.

टँकर ज्या केंद्रांवरून भरला होता, तिथले नमुने तपासले. दोष एकाच गावाचा निघाला. गाव कळंबच्या अलीकडं आहे, नाव मुद्दाम सांगत नाही. तिथं सगळ्यांचं दूध एकाच कूलरमध्ये ओततात, त्यामुळं नेमकं कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता.

आमचे मॅनेजर काळे साहेब लगेच म्हणाले, "बाई, गाव बंद करा."

"अख्खं गाव?"

"नाव सांगेपर्यंत. आणि ज्याचं निघेल त्याला कायमचा काढा."

"संध्याकाळी मी जाऊन येते."

"तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही. म्हणूनच जाते," म्हणत मी पट्ट्यांची पेटी काखेत मारली.

"त्या पट्ट्या फुकट येत नाहीत!" साहेब मागून ओरडले.

मी पोचेपर्यंत गावात निकाल लागलेला होता. केंद्र चालवणाऱ्या दत्तानं मला मोबाईलवर गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप दाखवला. गुन्हेगार ठरली होती मंगल. पुरावा काय, तर तिच्या गोठ्यापुढं जनावरांच्या डॉक्टरची मोटरसायकल उभी दिसली होती. कुणीतरी त्या मोटरसायकलीसकट तिच्या दाराचा फोटोही टाकला होता. खाली लाल तोंडांची रांग आणि 'हिला डेअरीवर येऊ देऊ नका' असे मेसेज. मंगलचा नवरा चाकणला कंपनीत, गोठ्यात दोन गाई, आणि गावातलं घर चालतं त्या दोन गाईंवर. डेअरी बंद झाली तर तिनं दूध न्यायचं कुठं?

ती किटली घेऊन एका बाजूला उभी होती. मला बघताच पुढं आली.

"मॅडम, डॉक्टर आलं हुतं, व्हय. त्यांनीच सांगितलं, हिचं दूध घालू नका. त्या गाईचं दूध मी खड्ड्यात वतते. ही दुसऱ्या गाईची धार हाय. पर हितं ऐकतंय कोण?"

"ऐकायचं काय त्यात? समद्या गावाचं दूध गटारात गेलं!" हे बापूराव तात्या. मोठं घर, मोठा गोठा, आणि आवाजही त्याच मापाचा. "आधी हिला बंद करा, मग बाकीचं बोला."

सगळ्यांच्या माना हलल्या. मला राग आला. आणि रागाच्या भरात एक गोष्ट आठवली.

मी ख्रिस्ती. ही गोष्ट चर्चमध्ये लहानपणापासून ऐकत आले. एका बाईला पकडून येशूपुढं उभं करतात. तिला दगडांनी मारायचं ठरलेलं असतं. येशू म्हणतो, ज्यानं कधीच पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा. मग एकेक जण दगड टाकून निघून जातो, वयानं मोठे असलेले आधी. गोष्ट चांगली आहे, पण जुन्या काळातली, असंच मला वाटायचं. त्या संध्याकाळी माझ्यापुढं तीच गर्दी उभी होती, हातात मोबाईल घेऊन.

प्रवचन द्यायला काही मी गेले नव्हते. पेटी कूलरवर ठेवली आणि म्हटलं, "मंगलताईंना बंद करायचंय ना? आधी त्यांचं दूध तपासते, सगळ्यांसमोर. त्यानंतर ज्याला बोलायचंय त्यानं आपली किटली इथं ठेवायची. ज्याचं दूध स्वच्छ, त्यानं खुशाल बोलावं. आणि जो स्वतःहून सांगेल, त्याची डेअरी बंद होणार नाही. माझा शब्द आहे."

असा शब्द द्यायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. तोंडातून निघून गेला.

मंगलच्या दुधात पट्टी बुडवली. थोडा वेळ थांबावं लागतं, सगळे पट्टीवर वाकले. मग एक रेघ उमटली, पाठोपाठ दुसरी. स्वच्छ! मंगलनं ती पट्टी माझ्या हातातून घेतली आणि एकेकाच्या तोंडापुढं धरली.

"हं, आता कुणाची किटली?" मी विचारलं.

तर एकाला एकदम म्हशीची आठवण झाली. दुसऱ्याला मोटर बंद करायची होती. खरंच सांगते, म्हातारी माणसं आधी हलली. दोघा-तिघांनी तर दूध न घालताच किटल्या उचलल्या. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तात्या मात्र जागचे हलले नाहीत. आता हे भांडणार, असं मला वाटलं. त्यांनी किटली पुढं सरकवली.

"तपासू नका, बाई. पट्टी वाया जाईल."

"म्हणजे?"

"आमच्या गाईला दगडी झाली. मेडिकलातनं ट्यूब आणून मीच सोडली. एवढ्या दुधात तेवढं काय दिसतंय, म्हणलं." आवाज पार खाली आला होता. "समदे हिच्याकडं बघाया लागले, मग मी बी मोठ्यानं बोललो."

मंगलचे डोळे भरले, पण आवाज करडाच राहिला. "तात्या, वयाचा मान ठिवून मी गप बसले. माझ्या दाराचा फोटू ग्रुपवर टाकला. आता तुमचं बोलणं बी तितंच टाका."

तात्यांना टाइप करता येत नव्हतं. दत्तानं फोन धरला आणि ते बोलले, "चूक माजी हाय. मंगलची न्हाय. तिला कुणी काय बोलू नका."

"वैनी, झालं न्हवं? केलं माफ?" दत्तानं विचारलं.

"बघू. अजून राग हाय मला," म्हणत तिनं दूध मापात ओतलं. मला तिचं पटलं. माफी मागितली की ती हातोहात मिळालीच पाहिजे, असं थोडंच आहे?

मी साहेबांना फोन लावला.

"सापडला?"

"स्वतः सांगितलं त्यांनी."

"मग काढा त्याला."

"नाही काढायचं. मी शब्द दिलाय."

"बाई, ही डेअरी आहे, चर्च नाही!"

"डेअरीचंच बोलतेय, साहेब. खरं सांगणाऱ्याला काढलं तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. परत टँकर ओतावा लागेल."

साहेब म्हणाले, "असं किती वेळा माफ करायचं?"

हा प्रश्न येशूलाही त्याच्या एका शिष्यानं विचारला होता. 'साताच्या सत्तर वेळा' हे येशूचं उत्तर साहेबांना झेपलं नसतं. "आधी एकदा करून बघू," मी म्हटलं.

"बघा. पण जबाबदारी तुमची."

रात्र कशीबशी काढली. सकाळी त्या गावचा टँकर आला, पट्टी बुडवली, आणि दोन्ही रेघा ठळक उमटल्या. मी खुर्चीत बसकण मारली. छातीवरचं ओझं उतरलं. बऱ्याच दिवसांनी चहा गरम असताना प्याले.

गावात आता नियम आहे. गाईला औषध चालू असेल तर दत्ताला फोन करायचा. दंड नाही, ग्रुपवर नाव नाही. पट्टी स्वच्छ आली की दूध पुन्हा सुरू. पहिले फोन आले ते त्या संध्याकाळी किटल्या उचलून गेलेल्यांचे. साहेबांनी ही पद्धत सगळ्या केंद्रांवर लावली आणि मीटिंगमध्ये ती स्वतःची म्हणून सांगितली. माझी काही हरकत नाही.

पुढं तात्यांची आणखी एक गाय आजारी पडली, तेव्हा ते मंगलच्या दारात जाऊन डॉक्टरांचा नंबर मागत होते, असं दत्तानं सांगितलं. तिनं दिला. वर म्हणाली, "डॉक्टर आले की मला बी बोलवा. फोटू काढते."

शिक्षेच्या भीतीनं माणूस चुका करायचा थांबतो की नाही, मला माहीत नाही. लपवायला मात्र पटकन शिकतो. आणि लपवलेलं सगळं शेवटी टँकरमधून माझ्याच दारात येतं.