ताईच्या पाठवणीची डीव्हीडी

कपाट आवरताना ताईच्या लग्नाची डीव्हीडी सापडली, डांबरगोळ्यांच्या वासाची. लावली, आणि मी इंझोरीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

मामा कॅमकॉर्डर घेऊन उभे. "साध्याच क्वालिटीत घेऊन राह्यलो. एका डीव्हीडीत मावते, साऱ्या सोयऱ्यायले वाटता येते."

ताई जीपमध्ये बसेना. दार घट्ट धरून आईला काहीतरी सांगत होती, पण बँड जोरात वाजत होता. मामा ओरडले, "रडू द्या तिले, शूटिंग मस्त येऊन राह्यलं!" आम्ही हसलो. पाठवणीला रडतातच सगळ्या.

आज मोठ्या टीव्हीवर तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटतो. ओठ हलतात, शब्द ओळखू येत नाहीत.

ती डीव्हीडी धनजपासून किन्हीराजापर्यंत घरोघरी गेली. साऱ्यांनी हौसेनं पाहिली. काय सांगत होतीस, हे ताईला कुणीच विचारलं नाही. वर्षाच्या आत ती सासरी वारली.