सवितानं मागितलेलं वाण

सविता दिघे अध्यक्षपदाची उमेदवारी मागणार म्हटल्यावर पहिली हसली ती तिचीच लेक अनुया. "आई, विवेककाका सो पॉप्युलर लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

खोटं नव्हतं ते. सिंगापुरातल्या त्यांच्या मराठी मंडळात दोन गट. मुख्य निवडणुकीआधी प्रत्येक गट आपला उमेदवार मतदानानं ठरवी; घरटी एक मत. विवेक सविताच्याच गटातला; तांजोंग पगार भागात बँकेत नोकरीला, हसतमुख, सगळ्यांच्या मुलांची नावं तोंडपाठ. गणपतीला मोठा हॉल आणि पुण्याहून कलाकार, हे त्याचं आश्वासन. सविताचा नवरा प्रताप जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सात महिने पाण्यावर. तिचं नाव आजवर कुठल्या समितीवरही नव्हतं.

पण दोन वर्षांपूर्वी अनुयाचा दमा उसळला, तेव्हा नोव्हेना भागातल्या इस्पितळात ती दोन दिवस एकटी बसली होती. फोनमध्ये मंडळातली दोनशे नावं. हक्कानं बोलवावं असं एकही सापडेना. ते तिच्या मनातून गेलं नव्हतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिनं यंदा मैत्रिणींपुरतं ठेवलं नाही. गटातल्या झाडून सगळ्या बायकांना तीन रविवारी बोलावलं. तिच्या बुकित बातोकच्या फ्लॅटबाहेर चपलांची रांग लिफ्टपर्यंत गेली. तिळगूळ दिला, वाणाचा डबा हातात ठेवला आणि ती म्हणाली, "आता मला वाण द्या. मंडळानं एकच काम करायचं, तर कोणतं?"

तिला वाटलं होतं, अडचणीला एकटं पडायचं हे दुखणं जहाजवाल्यांच्या बायकांचंच. पण दुसऱ्या एका बँकवाल्याची बायको रुचिरा म्हणाली, "सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. हा मीटिंगमध्ये. मी शेजारच्या चिनी आजींना हाक मारली."

मधुरा तर विवेकच्या घरोब्यातली. तीही म्हणाली, "हॉल लहान पडला तर दाटीवाटीनं बसू गं. रात्री पोराला ताप चढला तर काय करू?"

सवितानं भाषणातलं बाकी सगळं खोडलं. एकच वचन ठेवलं: फोन केला की तासाभरात मंडळाचं माणूस दारात. धावून येणाऱ्यांची भागवार यादीही करायला घेतली. नोव्हेनाची ओळ तेवढी रिकामी राहिली.

विवेकच्या माणसांनी जहाजवाली घरं हिशेबातच धरली नव्हती. "नवरे समुद्रात, मत कोण देणार?" पण नियम घराचा होता, नवऱ्याचा नव्हता. मतदानाला त्या सगळ्या आल्या, कुणी कडेवर मूल घेऊन, कुणी सासूला धरून. आणि त्यांच्यामागे बँकवाल्यांची घरंही.

त्रेसष्ट विरुद्ध अडतीस.

निकाल ऐकून प्रताप जहाजावरून फोनवर नुसता हसत राहिला. "कॅप्टनला सांगतो, बायको अध्यक्ष होतेय."

"आधी खरी निवडणूक होऊ दे," ती म्हणाली, पण हसू तिलाही आवरेना.

विवेक जवळ आला. "वहिनी, मी प्रत्येकाला विचारलं, मत देणार ना? सगळे हो म्हणाले."

"तुमच्यावर जीव आहेच त्यांचा, भावजी. मी मत विचारलंच नाही. काय हवंय ते विचारलं."

त्यानं खिशातलं पेन काढलं. मग म्हणाला, "ती यादी द्या इकडे. मी नोव्हेनालाच राहतो."

रिकाम्या ओळीवर त्यानं नाव लिहिलं, खाली नंबर. अनुयानं तो तिथल्या तिथे आईच्या फोनमध्ये घातला, सगळ्यात वर.